निळ्या दुव्यापासून फिकट ‘नको’पर्यंत

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर निळ्या अक्षरांतला, खाली रेघ ओढलेला शब्द दिसला की त्यावर बोट ठेवताच आपण दुसऱ्या पानावर जाऊ, ही गोष्ट शाळकरी मुलापासून निवृत्त मामलेदारापर्यंत सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती आपण कधी काळी शिकलो याचेही स्मरण कोणाला उरलेले नाही. वस्तुतः या निळ्या रंगाच्या जन्माची नोंद उपलब्ध आहे. जिनेव्याजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जो पहिला ब्राउझर सिद्ध केला, तो ज्या नेक्स्ट संगणकावर चालत असे त्याचा पडदा केवळ काळ्या-करड्या छटांचा होता. तेथे रंगाचा प्रश्नच उद्भवत नसल्यामुळे दुवा ओळखू यावा म्हणून त्यांनी शब्दाखाली रेघ ओढण्याची तजवीज केली. पुढे १९९३ च्या एप्रिल महिन्यात, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणककेंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना हे दोघे जो मोझेक नावाचा ब्राउझर घडवीत होते, त्याच्या एका आवृत्तीसोबत दिलेल्या फेरफारांच्या यादीत असा तपशील नोंदवला गेला की, न पाहिलेला दुवा यापुढे निळा व सलग रेघेचा आणि पाहिलेला दुवा गडद जांभळा व तुटक रेघेचा दिसेल. रंगीत पडदे नुकतेच सर्वत्र येऊ लागले होते, मोझेकची लोकप्रियता झपाट्याने वाढत होती, आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या ब्राउझरांनी हाच शिरस्ता चालू ठेवला. दुवा निळाच असला पाहिजे असे कोणतेही कारण नाही, हे स्वतः बर्नर्स-ली यांनी पुढे स्पष्ट केले आहे. तरीही कारणावाचून पडलेला हा रिवाज आज कोट्यवधी लोकांच्या बोटांचे वळण ठरवीत आहे.

पडद्यावरील रंगांचा विचार करताना मला हा प्रारंभ फार बोधप्रद वाटतो, कारण या विषयावर जे लेखन सर्वत्र आढळते त्यात रंगाला एखाद्या औषधीसारखा अंगभूत गुणधर्म असतो असे गृहीत धरलेले असते: निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे त्वरा, हिरवा म्हणजे शांती, पिवळा म्हणजे उत्साह. संकेतस्थळ उभारू पाहणाऱ्या लहान व्यापाऱ्याला असे तक्ते मोठ्या आत्मविश्वासाने दाखवले जातात, आणि तोही बिचारा आपल्या पापड-लोणच्यांच्या दुकानासाठी ‘विश्वासाचा’ रंग निवडून निश्चिंत होतो. मात्र संकेतस्थळावर आलेल्या माणसाचे वर्तन रंगाने खरोखर कसे बदलते हे जाणून घ्यायचे असेल तर हे तक्ते बाजूला ठेवावे लागतात आणि दोन वेगळ्या गोष्टींकडे वळावे लागते. एक म्हणजे डोळ्याला पडणारा भेद, आणि दुसरी म्हणजे मनाला लागलेली सवय.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू, कारण मोठ्या संस्थांचे लक्ष या विषयाकडे त्यानेच वेधले. गूगलचे दृश्यरचनाकार डग्लस बोमन यांनी २००९ साली ती संस्था सोडली तेव्हा आपल्या निरोपाच्या टिपणात त्यांनी जी व्यथा मांडली ती पुढे या क्षेत्रात दंतकथेसारखी प्रसृत झाली: दोन निळ्या छटांपैकी कोणती घ्यावी यावर एकमत होईना, म्हणून त्या दोहोंमधल्या ४१ छटा लोकांवर अजमावून पाहण्याचा घाट घातला गेला. प्रत्येक बारीकसारीक निर्णयासाठी आकड्यांचा पुरावा मागणाऱ्या कचेरीत कलावंताच्या नजरेला स्थान उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. उलट बाजूने २०१४ साली गूगलच्या ब्रिटनमधील शाखेचे प्रमुख डॅन कॉब्ली यांनी असे सांगितले की, किंचित जांभळ्याकडे झुकणारी निळी छटा किंचित हिरव्याकडे झुकणाऱ्या छटेपेक्षा अधिक लोकांना दुव्याकडे ओढते असे या प्रयोगांत दिसून आले, आणि त्या एका निवडीमुळे जाहिरातींचे उत्पन्न वर्षाला २० कोटी डॉलरांनी वाढले. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रावरही असाच अनुभव आला. शीर्षकांचा निळा व हिरवा रंग थोडा गडद आणि खालच्या मजकुराचा काळा रंग थोडा सौम्य केल्याने वार्षिक उत्पन्न एक कोटी डॉलरांहून अधिक वाढेल, असा निष्कर्ष त्यांच्या प्रयोगांतून निघाला, आणि तो प्रथमदर्शनी खरा वाटेना म्हणून ३ कोटी २० लाख लोकांवर पुन्हा पडताळून पाहिला तेव्हाही तोच निघाला.

हे आकडे वाचून कोणाही सामान्य वाचकाचे डोळे दिपावेत. तथापि त्यांचा अर्थ लावताना मोठा विवेक बाळगला पाहिजे. जेथे दिवसाकाठी कोट्यवधी माणसे एकाच पानावर येतात तेथे हजारातील एकाने जरी अधिक वेळा बोट टेकवले तरी त्याची बेरीज प्रचंड होते. जेथे दिवसाला दोनशे माणसे येतात तेथे निळ्याच्या दोन जवळच्या छटांमधला हा सूक्ष्म फरक योगायोगाच्या चढउतारांत हरवून जातो आणि मोजताच येत नाही. सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याने ४१ निळ्या छटा तपासत बसणे हा कालापव्यय होय. त्याने पाहावयाचे ते निराळेच आहे.

ते काय, हे आणखी एका प्रसिद्ध प्रयोगातून ध्यानी येईल. अमेरिकेतील परफॉर्मेबल नावाच्या एका लहान संस्थेने २०११ च्या सुमारास आपल्या मुखपृष्ठावरील ‘प्रारंभ करा’ अशा अर्थाची कळ अर्ध्या लोकांना हिरवी आणि अर्ध्यांना लाल दाखवली. बाकी सारे पान जसेच्या तसे ठेवले. लाल कळीवर २१ टक्के अधिक लोकांनी बोट टेकवले. ‘लाल रंग विक्री वाढवतो’ असा सिद्धांत त्यावरून कित्येकांनी काढला आणि आपापल्या कळा घाईघाईने लाल करून टाकल्या. मूळ पान ज्यांनी पाहिले असेल त्यांना मात्र खरे कारण दिसू शकत होते: त्या पानावर बोधचिन्हापासून चित्रांपर्यंत ठिकठिकाणी हिरवा रंग होता, त्यामुळे हिरवी कळ त्या हिरव्यात मिसळून जात होती आणि लाल कळ एकटी उठून दिसत होती. हेडविग फॉन रेस्टोर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९३३ सालीच असे दाखवून दिले होते की, सारख्या वस्तूंच्या मालिकेत जी एक वस्तू निराळी असते तीच स्मरणात अधिक टिकते. सगळे पान लाल असते तर कदाचित हिरव्या कळीनेच बाजी मारली असती. रंगाचे सामर्थ्य त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असते. एकट्या रंगाला विचारून काहीच कळत नाही.

आता सवयीविषयी. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक वर्ण नेमून दिलेला आहे; तेथे शृंगाराचा वर्ण श्याम, हास्याचा श्वेत, करुणाचा कपोत म्हणजे पारव्यासारखा करडा, रौद्राचा रक्त, वीराचा गौर, भयानकाचा कृष्ण, बीभत्साचा नील आणि अद्भुताचा पीत सांगितला आहे. आजच्या तक्त्यांत जो निळा रंग विश्वासाचे प्रतीक म्हणून मिरवतो तोच तेथे जुगुप्सेच्या पदरी पडलेला पाहून रंगांचे अर्थ किती संकेताधीन असतात हे लक्षात यावे. फार दूर जावयासही नको. आपल्याकडे एरवी शुभकार्यात काळा रंग वर्ज्य, परंतु संक्रांतीला चंद्रकळा नेसण्याची हौस, आणि सौभाग्याची खूण म्हणून गळ्यात काळेच मणी. नवरीच्या हातात हिरवा चुडा, हळदीचे पिवळेपण मांगल्याचे. बर्कली येथील स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस यांनी २०१० साली मांडलेला सिद्धांत या सर्व अनुभवाशी चांगला जुळतो: माणसाला तो रंग आवडतो ज्या रंगाच्या वस्तूंनी त्याला आयुष्यात सुख दिलेले असते. म्हणजे रंगाविषयीची रुची ही त्या रंगाच्या सहवासात गेलेल्या आयुष्याची जमाबंदी आहे. आणि आयुष्ये निरनिराळी असल्यामुळे सर्वांना लागू पडेल असा रंगार्थाचा कोश कोणालाही रचता यावयाचा नाही.

शेअरबाजाराचे पडदे हा याचा सर्वांत ठसठशीत दाखला. दलाल स्ट्रीटवरील व्यवहार मोबाइलवर पाहणाऱ्या मराठी माणसाला भाव चढला की हिरवा आणि पडला की लाल रंग दिसतो. चीन आणि जपान येथील पडद्यांवर नेमके उलट, चढता भाव लाल आणि पडता भाव हिरवा. विल्यम बेझली, हेन्रिक क्रोंक्विस्ट आणि मिलिका मॉर्मन या तिघा संशोधकांनी या लाल रंगाचा गुंतवणूकदारांच्या मनावरील परिणाम तपासला तेव्हा असे आढळले की, होऊ शकणारे नुकसान काळ्या किंवा निळ्या अंकांऐवजी लाल अंकांत दाखवले असता अमेरिकेतील लोक जोखीम घेण्यास अधिक कचरतात. परंतु ज्यांना लाल रंग नीट ओळखता येत नाही अशा वर्णांध व्यक्तींवर हा परिणाम दिसला नाही, आणि चिनी लोकांवरही तो क्षीण होता. अंक तेच, नुकसान तेच, आणि तरीही केवळ शाई बदलल्याने हात आखडतो किंवा सैल सुटतो. आणि तोही ज्याला जी शिकवण मिळाली असेल तिच्याप्रमाणे. आपल्याकडील झिरोधा या दलाली संस्थेच्या काइट या व्यवहारपटलावर खरेदीची कळ निळी आणि विक्रीची नारिंगी ठेवलेली आहे, हे या संदर्भात उल्लेखनीय वाटते. विकणे म्हणजे काही तरी वाईट घडणे असा नफातोट्याच्या हिरव्या-लाल भाषेतला ध्वनी त्या जोडीतून उमटत नाही.

सवयीबाहेरचाही थोडा परिणाम रंगांत असतो, हे मी नाकारीत नाही. जेरल्ड गोर्न, अमिताव चट्टोपाध्याय, जयदीप सेनगुप्ता आणि शशांक त्रिपाठी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, पान उघडेपर्यंत वाट पाहणाऱ्या माणसासमोर जो पडदा असतो त्याचा रंग मनाला स्वस्थता देणारा, उदाहरणार्थ निळा, असेल तर तीच प्रतीक्षा त्याला कमी वाटते असे दिसून आले. अर्थात ही स्वस्थता छटा किती भडक आणि किती उजळ यावरही अवलंबून असते. ऑटवा येथील गिटे लिंडगार्ड यांच्या २००६ सालच्या प्रयोगांनी तर पान डोळ्यांसमोर केवळ ५० सहस्रांश सेकंद झळकले तरी माणूस त्याच्या रूपाविषयी मत बनवतो आणि ते मत बरेचसे टिकते, हे दाखवले. एवढ्या अल्पावधीत मजकूर काही वाचून होत नाही. तेव्हा त्या पहिल्या मताला आधार असतो तो रंग, मांडणी आणि मोकळी जागा यांचाच.

यापुढचा भाग मला या विषयाचा गाभा वाटतो, आणि तो रंगाहून उजेडाशी अधिक निगडित आहे. पडद्यावरचा प्रत्येक रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन दिव्यांच्या मिश्रणाने बनतो, आणि प्रत्येक दिव्याची तीव्रता ० ते २५५ या मापात सांगितली जाते. त्यामुळे एक कोटी ६७ लाखांहून अधिक रंग शक्य होतात. परंतु डोळ्याला हे तीन दिवे सारखे तेजस्वी भासत नाहीत. उजळपणाचा जो जागतिक हिशेब मान्य झाला आहे त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरला जातो. म्हणूनच पिवळा, ज्यात तांबडा आणि हिरवा दोन्ही पूर्ण पेटलेले असतात, पांढऱ्यावर जवळजवळ अदृश्य होतो. आणि मोझेकच्या परंपरेतून आलेला तो गडद निळा पांढऱ्यावर उत्तम वाचता येतो. वेब कन्सॉर्शियम या जागतिक संस्थेने २००८ साली जी सुगम्यतेची मानके जाहीर केली, त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढण्याची रीत दिली आहे. लख्ख पांढऱ्यावर कुट्ट काळे अक्षर असले तर ते गुणोत्तर २१ येते, आणि नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी ते निदान ४.५, तर मोठ्या अक्षरांसाठी निदान ३ असावे अशी ताकीद आहे. प्रचलित निळ्या दुव्याचे गुणोत्तर ९.४ च्या आसपास भरते. म्हणजे तो रिवाज कारणावाचून पडला असला तरी सुदैवाने सोयीचा पडला.

या मापाची काटेकोरी पाहण्यासारखी आहे. पांढऱ्यावरील करड्या अक्षरांत तिन्ही दिवे ११८ वर असतील तर गुणोत्तर ४.५४ होऊन परीक्षा उत्तीर्ण होते. ते ११९ वर नेले की ४.४८ होऊन नापास. १७० वर, जेथे अनेक आधुनिक संकेतस्थळांची नाजूक, सुबक दिसणारी करडी अक्षरे विसावलेली असतात, ते २.३ पर्यंत घसरते. तरुण रचनाकाराला आपल्या महागड्या, झगझगीत पडद्यासमोर अंधाऱ्या खोलीत ती अक्षरे वाचता येतात, आणि त्याला वाटते की सर्वांनाच येत असतील. साठी ओलांडलेल्या माणसाच्या डोळ्यातले भिंग पिवळसर आणि अपारदर्शक होऊ लागलेले असते, हातातला मोबाइल स्वस्तातला असतो, आणि तो उभा असतो भर दुपारच्या उन्हात, रेशन दुकानाच्या रांगेत. त्या माणसासाठी ती अक्षरे लिहिलीच गेली नाहीत असे समजावे.

आपल्या महाराष्ट्रात याचे एक खास रूप दिसते. भगव्या-केशरी रंगाविषयी आपल्या मनात असलेल्या प्रेमादराला इतिहास आहे, आणि त्यामुळे संस्थांची, मंडळांची, उत्सवांची पाने केशरी पट्ट्यांनी सजवली जाणे स्वाभाविकच. परंतु त्या पट्ट्यांवर हटकून पांढरी अक्षरे घातली जातात. राष्ट्रध्वजातील केशरासाठी संगणकावर जी छटा सर्रास वापरली जाते तिच्यावर पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर हिशेब करून पाहिल्यास २.१ येते, म्हणजे निम्म्याहूनही कमी गुण. त्याच केशरावर काळी अक्षरे घ्यावीत, तर ते जवळजवळ १० होते. रंगाचा मान कोठेही कमी होत नाही, आणि देणगीसाठीचा खातेक्रमांक आजीलाही वाचता येतो. दृष्टी अधू झालेल्या माणसाचे त्या पानावरील वर्तन ‘न वाचता निघून जाणे’ एवढेच असते, आणि आकडेवारीत ते केवळ एक गळती म्हणून नोंदले जाते. त्या गळतीमागे कोण होते हे कोणी विचारीत नाही, याचे मला वाईट वाटते.

वर्णांधांची गोष्ट याहून वेगळी. मँचेस्टरच्या जॉन डाल्टन यांनी १७९४ साली स्वतःच्याच दृष्टिदोषाचे वर्णन विद्वत्सभेपुढे वाचले तेव्हापासून या दोषाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारणतः बारांतील एकाला तांबडा आणि हिरवा यांतील भेद नीट जाणवत नाही. स्त्रियांत हे प्रमाण दोनशेंत एक इतके कमी असते, कारण त्याचे बीज एक्स गुणसूत्रात असते आणि स्त्रियांजवळ ते दुहेरी असते. फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनाही तांबड्या-हिरव्याची वर्णांधता आहे, आणि निळा रंग आपल्याला सर्वांत चांगला दिसतो असे त्यांनी सांगितले आहे. असा माणूस जेव्हा पैसे पाठवतो आणि यश-अपयश केवळ हिरव्या-लाल पट्टीने सांगितले जाते, तेव्हा पैसे पोचले की अडकले हे त्याला पट्टीवरून कळत नाही. बरोबरची खूण आणि स्पष्ट शब्द यांची जोड तेथे हवीच. आपल्या देशात अन्नाच्या वेष्टनावर शाकाहारासाठी हिरवा आणि मांसाहारासाठी तपकिरी ठिपका छापण्याचा नियम होता. वर्णांधांना हे दोन ठिपके एकसारखे दिसतात हे ध्यानी घेऊन अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पुढे मांसाहारासाठी ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण ठरवला. रंगाला आकाराचा जामीन मिळाला. जेवण मागवण्याच्या प्रत्येक मोबाइल-पानावर हा भेद तितक्याच निगुतीने पाळला गेला पाहिजे, कारण तेथे चूक झाली तर कोणाच्या तरी व्रताला किंवा श्रद्धेला धक्का लागतो.

आतापर्यंत रंग चुकीने कसा अडथळा होतो ते पाहिले. आता तो बुद्ध्या कसा राबवला जातो त्याकडे वळणे भाग आहे. शोधयंत्रावर पैसे देऊन लावलेली जाहिरात आणि शोधातून आलेले खरे उत्तर यांत भेद असावा म्हणून गूगल पूर्वी जाहिरातींच्या मागे फिकट रंगाची पार्श्वभूमी ठेवत असे. तिची छटा वर्षानुवर्षे बदलत गेली. २०१३ च्या अखेरीपासून ती पार्श्वभूमी जाऊ लागली आणि केवळ एक लहान पिवळी चिठ्ठी उरली. २०१६ साली ती चिठ्ठी हिरवी झाली, आणि उत्तराखालचा पत्ताही हिरव्याच अक्षरांत असल्याने ती त्यात मिसळू लागली. २०१७ साली भरीव हिरव्याच्या जागी नुसती हिरवी चौकट आली, आणि २०१९ पासून रंग जाऊन साध्या काळ्या अक्षरांतला शब्द राहिला. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर क्षुल्लक. परंतु सहा वर्षांच्या त्या उतरंडीवर, जाहिरात आणि उत्तर यांच्यामधले जे रंगाचे कुंपण होते ते विरून गेले. रंग घालून जसे लक्ष वेधता येते तसे रंग काढून घेऊन ते चुकवताही येते.

मोबाइलवरील सूचनांचा लाल ठिपका हेही असेच एक हत्यार. तो दिसला की बोट वळते, मग सूचना कामाची असो वा नसो. नॉर्थ डकोटा विद्यापीठातील अ‍ॅलेक्स होल्टे आणि रिचर्ड फेरारो यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे मोबाइल काही दिवस केवळ काळ्या-करड्या छटांत ठेवावयास लावले तेव्हा त्यांचा पडद्यासमोरील वेळ दिवसाला सरासरी ३८ मिनिटांच्या आसपास कमी झाला. मोबाइलमधील मजकूर, मित्र, खेळ सारे तेच होते; केवळ रंग काढून घेतले होते.

परवा आमच्या शेजारच्या काकू कोल्हापूरच्या गाडीचे तिकीट काढण्यासाठी मोबाइल घेऊन आल्या. आसन निवडून झाले, नाव-वय भरून झाले, आणि पडद्यावर प्रवासविम्याची चौकट उघडली. खाली भरगच्च हिरव्या रंगाची, अंगठ्याएवढी कळ होती: ‘होय, माझा प्रवास सुरक्षित करा’. काकूंना विमा नको होता. त्या पडदा वर-खाली सरकवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “बघ रे जरा, इथे ‘नको’ कुठे लिहिलंय? मला तर एकच बटण दिसतंय.” मी चष्मा पुसून पाहिले. हिरव्या कळीच्या खाली, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात, रेघ नाही, चौकट नाही, अशी एक बारीक ओळ होती. तीच ‘नको’ची मुभा. काकूंचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत झालेले, घरचा हिशेब त्या पै-पैने ठेवतात. त्यांना समजत नव्हते असे काही नाही. त्यांना दिसू दिले गेले नव्हते. कळ दाबून त्यांनी विमा घेतला असता तर कागदोपत्री ती त्यांची संमती ठरली असती, आणि कोण्या कचेरीत ‘हिरव्या कळीने स्वीकृती वाढली’ म्हणून समाधान व्यक्त झाले असते.

गूगलच्या निळ्या छटांविषयी बोमन आणि कॉब्ली यांनी जे परस्परविरुद्ध सांगितले त्यातला हरवलेला दुवा मला येथे सापडतो. किती लोकांनी बोट टेकवले हे मोजता येते. किती लोकांना बोट टेकवायचे होते हे त्या मोजणीत येत नाही. जो रंग माणसाला हव्या त्या ठिकाणी लवकर पोचवतो आणि जो रंग त्याला नको त्या ठिकाणी ढकलतो, ते दोन्ही रंग आकड्यांच्या कोष्टकात सारखेच यशस्वी दिसतात. म्हणून रंगाची निवड ही मुखत्यारी आहे असे मी मानतो: आलेल्या माणसाच्या वतीने त्याची नजर कोठे जावी हे कोणी तरी ठरवीत असतो, आणि ती मुखत्यारी त्याच्या हितासाठी वापरली की विकून टाकली, हा प्रश्न कलेचा नसून सचोटीचा आहे.

कायद्याने या प्रश्नात लक्ष घातले आहे ही समाधानाची गोष्ट. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश रचनाकाराने अशा फसव्या रचनांची नावानिशी यादी २०१० साली प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली होती; आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत असे १३ प्रकार निषिद्ध ठरवले आहेत. त्यांतील एक प्रकार पडद्याच्या मांडणीत हस्तक्षेप करून एक माहिती ठळक आणि दुसरी अंधुक करण्याचा. आणि त्याचे जे उदाहरण तत्त्वांतच दिले आहे ते खरेदीविषयी विचारणाऱ्या चौकटीत ‘नाही’चा पर्याय फिकट रंगात ठेवण्याचे. काकूंच्या मोबाइलवर जे होते ते अक्षरशः हेच. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे म्हटले, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात ग्राहक प्राधिकरणाने ऑनलाइन व्यापार करणाऱ्या सर्व संस्थांना तीन महिन्यांच्या आत आपल्या पानांची स्वतः तपासणी करून फसव्या रचना काढून टाकण्याची सूचना दिली.

अशी तपासणी करणाऱ्यांना माझे एकच सुचवणे आहे, आणि त्यासाठी कोणतेही महाग साधन लागत नाही. बहुतेक मोबाइलमध्ये पडदा काळा-करडा करण्याची सोय असते. ती चालू करावी, उजेड निम्म्यावर आणावा, आणि मोबाइल घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हाती देऊन त्यांना तिकीट काढावयास, बिल भरावयास, आणि विशेषतः जे नको आहे ते नाकारावयास सांगावे. त्यांचे बोट जेथे अडेल तेथला रंग बदलावा.